दुभंगलेल्या गावात मध्यस्थी कोणी करावी?

आपला प्रश्न असा आहे की, गावातील दोन समाजांत तेढ येऊन बोलणे-चालणे बंद झाले असेल तर मध्यस्थी कोणी करावी, आणि दोघांनाही मान्य होईल असा निःपक्षपाती माणूस आणावा कुठून. मी बीड जिल्ह्यातून शिक्षक म्हणून निवृत्त झालो आणि त्यानंतर गावाच्या तंटामुक्ती समितीत काम केले. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की, निःपक्षपाती माणसाचा शोध आधी थांबवावा. आपल्याकडे आडनाव सांगताच माणसाची बाजू ठरवली जाते, आणि बाहेरून आलेल्या सज्जनाला दोन्हीकडचे लोक चहा पाजून, होकार देऊन निरोप देतात. शोधायची ती दोन माणसे. प्रत्येकाला स्वतःच्या समाजात वजन असावे आणि दोघांचा एकमेकांवर तंटा होण्याच्या आधीपासून विश्वास असावा.

अशा जोडीचे खरे काम समोरच्या समाजाची समजूत घालण्याचे नसते, ते आपल्याच माणसांसमोर उभे राहण्याचे असते. आपल्या भावकीतील तापलेल्या पोराला "हे स्टेटस काढ" असे सांगण्याचा अधिकार दुसऱ्या समाजातील मोठ्यात मोठ्या माणसालाही नसतो. तो चुलत्याला असतो, त्याला शिकवलेल्या मास्तरांना असतो, सप्ताहात वीणा धरणाऱ्या म्हाताऱ्याला असतो.

नायजेरियातील कडुना शहराचे उदाहरण या बाबतीत मला फार मोलाचे वाटते. पाद्री जेम्स वुये आणि इमाम मुहम्मद अशाफा हे १९९२ च्या ख्रिस्ती-मुस्लीम संघर्षात एकमेकांच्या विरोधात उभ्या असलेल्या तरुणांचे पुढारी होते. त्या संघर्षात वुये यांनी उजवा हात गमावला, तर अशाफा यांचे वृद्ध गुरू आणि नात्यातील दोन भाऊ मारले गेले. १९९५ मध्ये त्यांची गाठ घालून देण्यात आली आणि पुढे दोघांनी मिळून मध्यस्थीचे केंद्र उभे केले. एकत्र काम सुरू झाल्यानंतरही आपल्या मनातील सूड बराच काळ गेला नव्हता, हे वुये यांनी स्वतः सांगितले आहे. म्हणजे मन निर्मळ झाल्यावरच कामाला लागायचे असते असे नाही. काम करता करताही मन वळते. आणि ज्याने स्वतः इतके सोसले आहे, त्याला त्याचेच लोक "तुला काय कळते आमचे दुःख" असे सहजासहजी म्हणू शकत नाहीत.

उत्तर आयर्लंडमध्ये कॅथलिक-प्रोटेस्टंट संघर्ष मिटवण्यासाठी १९९८ चा करार झाला, तरी शस्त्रांचा प्रश्न पुढे कित्येक वर्षे अडून राहिला. २००५ मध्ये कॅथलिकांच्या बाजूच्या आयरिश रिपब्लिकन आर्मी या सशस्त्र संघटनेने शस्त्रे निकामी केली, तेव्हा ते प्रत्यक्ष पाहणारे साक्षीदार म्हणून दोन धर्मगुरू नेमले गेले: कॅथलिक फादर अ‍ॅलेक रीड आणि प्रोटेस्टंटांतील मेथडिस्ट पंथाचे रेव्हरंड हॅरॉल्ड गुड. यांपैकी एकटे रीड असते, तर प्रोटेस्टंटांनी त्यांच्या शब्दावर कितपत विश्वास ठेवला असता? दोघे असूनही काही नेत्यांनी शंका घेतल्याच, परंतु निदान एका बाजूचाच साक्षीदार होता असे कोणाला म्हणता आले नाही.

आता आपल्या भागाविषयी. मराठा आरक्षणाच्या आंदोलनात २०२३ च्या सप्टेंबरात जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटीत लाठीमार झाला, ऑक्टोबरच्या अखेरीस बीडमध्ये जाळपोळ झाली आणि त्यानंतर मराठा व ओबीसी समाजांतील ताण गावोगावच्या दुकानांपर्यंत, शेताच्या बांधापर्यंत पोहोचला. आमच्या परिसरात मी असे पाहिले की, पुढाऱ्यांच्या बैठका होऊन फोटो निघाले, तरी किराणा दुकानाची पायरी कोणी चढेना. पहिली हालचाल झाली ती बचत गटात. एका गटाची अध्यक्ष एका समाजाची आणि सचिव दुसऱ्या समाजाची होती. कर्जाचा हप्ता थांबवता येत नसल्याने त्यांना दर महिन्याला एकाच ओसरीवर बसावेच लागले. घरून दोघींनाही बोलणी बसली. तरीही त्यांनी बैठक मोडली नाही, आणि पुढे कोणाच्या घरात काय शिजते आहे, कोणत्या अफवेवर पोरे पेटली आहेत, हे समितीला त्यांच्याकडूनच वेळेवर समजत गेले. म्हणून जोडी शोधताना व्यासपीठावरची नावे पाहू नका. बटईने एकमेकांची जमीन कोण करतो, ऊसतोडीला एका टोळीत कोण जातात, आडतीवर उधारी कोणाची कोणाकडे चालते, हे पाहा. ज्यांचे व्यवहार तुटल्याने दोघांचेही नुकसान होते, त्यांच्यात बोलणे टिकते.

या जोडीच्या मागे प्रशासन असावे लागते, पण पुढे असता कामा नये. १९७० आणि १९८४ च्या हिंदू-मुस्लीम दंगलींनी होरपळलेल्या भिवंडीत पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ नंतर मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यांत नेहमीच्या पुढाऱ्यांऐवजी दोन्ही धर्मांतील साधी माणसे घेतली आणि शांतता असतानाच त्यांच्या बैठका सुरू ठेवल्या. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. आपल्या पोलीस ठाण्यांतील शांतता समित्या बहुधा सणाच्या आठवड्यापुरत्याच बसतात. ओळखी करून घ्यायला तो काळ अपुरा असतो.

एक मर्यादा मात्र कठोरपणे पाळावी. जिथे एका बाजूने हल्ला केला आहे आणि दुसरीने तो सोसला आहे, तिथे "झाले गेले विसरा" असे म्हणणारा मध्यस्थ अन्यायाचा भागीदार होतो. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव केल्यावर मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसे मारली गेली. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होईपर्यंत त्या माणसांनी साडेपंधरा वर्षे वाट पाहिली. अशा वेळी आधी गुन्हा नोंदला गेला पाहिजे, संरक्षण आणि पुनर्वसन मिळाले पाहिजे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील प्रकरण पारावर बसून मिटवण्याचा आग्रह कोणी धरला, तर तुमच्या जोडीने त्या बैठकीतून उठून जावे.

अशा गुन्ह्यांपलीकडच्या तंट्यांसाठी २०२३ च्या मध्यस्थता कायद्यातील सामुदायिक मध्यस्थीची तरतूद पाहून ठेवा. परिसरातील शांतता बिघडवू शकणारा वाद दोन्ही पक्षांची आधी संमती घेऊन तीन मध्यस्थांच्या मंडळापुढे ठेवण्याची सोय तीत आहे. तिथे झालेली तडजोड लेखी असते, पण न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखी तिची अंमलबजावणी करून घेता येत नाही. तिसरा मध्यस्थ निवडण्याची वेळ आली, तर ते नाव तुमच्या दोघांनी मिळून सुचवावे, आणि मिरवणुकीचा मार्ग, वेळ, झेंड्याची जागा अशा प्रत्येक मुद्द्यावर तडजोडीत काय ठरले याची प्रत दोन्ही वस्त्यांत जाहीर वाचून दाखवावी. वाचन मात्र अदलाबदलीने करावे: त्यांच्या वस्तीत तुमच्या माणसाने, तुमच्या वस्तीत त्यांच्या माणसाने.