यावल किंवा पाटणादेवीच्या जंगलात स्वतःची जीप घेऊन ऑफ-रोडिंग करता येतं का?

नाही, रस्ता सोडून गाडी घालता येत नाही. यावल हे १९६९ पासून अभयारण्य आहे आणि चाळीसगावजवळची पाटणादेवी गौताळा अभयारण्यात येते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २७ नुसार अभयारण्यात शिरायलाच परवाना लागतो. तो कलम २८ खाली अभ्यास, छायाचित्रण, पर्यटन अशा कारणांसाठी मिळतो, पण त्याचा अर्थ वाटेल तिथे गाडी घाला असा नाही. अभयारण्याबाहेरचं राखीव वन असेल तर भारतीय वन अधिनियम, १९२७ चं कलम २६ लागतं, त्यातही विनापरवानगी घुसणं गुन्हाच आहे.

आणि हे नियम उगाच नाहीत हो. ओल्या जमिनीवरून जड जीप एकदा गेली तरी माती दाबली जाते, त्या पट्ट्यात गवत नीट धरत नाही. उतारावर तर पुढचा प्रत्येक पाऊस त्याच चाकोरीतून वाहतो, माती ओढत नेतो आणि दोन चाकांच्या खुणांची घळ होते. सातपुड्याच्या उतारांना हे अजिबात परवडणारं नाही. शिवाय टिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांमध्येच अंडी घालते. ती अंडी पायी चालणाऱ्याला मुश्किलीनं दिसतात, स्टिअरिंगवर बसलेल्याला कुठून दिसणार?

मात्र अभयारण्यातून सार्वजनिक महामार्ग जात असेल, तर त्यावरून नुसतं पार जायला कलम २७ मध्येच सूट आहे. तरी रात्री घाट बंद असतो का, हे आधी वनविभागाच्या नाक्यावर विचारून घ्या. चिखलात गाडी चालवण्याचीच हौस असेल तर ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून त्याच्या पडीक रानात चालवा.