नॉमिनीच्या कागदावरची तारीख

"मॅडम, ह्यांनी माझं नावच लावलं नव्हतं."

खुर्चीत नीट बसायच्या आधीच ताई हे बोलल्या. मांडीवर प्लॅस्टिकची फाइल होती, तिच्यात रेकॉर्ड ऑफिसमधून आलेले कागद, बँकेचं पत्र आणि सर्वांत वर एक कोरा करकरीत स्टँप पेपर. वय सव्वीस. मुलगी चार वर्षांची. नवरा फौजेत शिपाई होता. ड्युटीवर असताना गाडी घसरून गेला, त्याला दीड महिना झाला होता. (ओळख पटू नये म्हणून या प्रकरणातले काही तपशील मी बदलले आहेत.)

सैनिकांच्या कुटुंबांसाठी चालणाऱ्या सल्ला केंद्रात मी समुपदेशक म्हणून बसते. शेजारच्या टेबलावर वकीलताई असतात. कायद्याचं मला जे थोडंफार कळतं ते त्यांच्याकडून ऐकून ऐकून. इतक्या वर्षांत सर्वांत जास्त वेळा समोर आलेली चिंता हीच: नॉमिनी दुसरंच कुणी आहे, मग मला काहीच मिळणार नाही का?

ताईंच्या बाबतीत गटविमा आणि बँकेची ठेव, दोन्हीकडे नॉमिनी म्हणून सासूबाईंचं नाव होतं. धाकटा दीरही फौजेतच. वीस दिवसांच्या रजेवर आलेला, आणि रजा संपायच्या आत "सगळं मिटवून टाकू" म्हणून त्याने तो स्टँप पेपर आणला होता. नवऱ्याने स्वतःच्या पैशांतून घेतलेल्या अर्ध्या एकरावरचा आणि पैशांवरचा हक्क वहिनी सोडते, असा मजकूर त्यावर लिहायचा होता. "सही करू का नको, एवढंच सांगा," ताई म्हणाल्या.

"नको, आज तरी नको," असं मी लगेच सांगितलं. समुपदेशकाने सल्ला देऊ नये असं आम्हाला शिकवतात. पण दीड महिन्यापूर्वी नवरा गेलेल्या बाईने हक्कसोडपत्रावर सही करावी की नाही, यावर तटस्थ राहणं मला बरोबर वाटत नाही. स्थावर मालमत्तेतला हक्क सोडायचा तर दस्त नोंदणीकृत लागतो, घरी बसून स्टँप पेपरवर केलेल्या सहीने तो सुटत नाही, हे वकीलताईंनी नंतर सांगितलं. तरी अशी सही पुढे भांडणात पुरावा म्हणून फिरत राहते आणि सही करणारीचं मन खात राहते.

मग मी तिच्या पहिल्या वाक्याकडे परत गेले. नावच लावलं नव्हतं. पैशांचा प्रश्न त्यात होताच, पण रडू दुसऱ्याच गोष्टीचं होतं. शेवटी त्याच्या लेखी आपण कोण होतो, हे त्या कागदाने ठरवून टाकलंय असं तिला वाटत होतं. आणि घरी सासूबाई तोच कागद हातात घेऊन म्हणत होत्या, "माझ्या लेकाची शेवटची इच्छा आहे ही." एकाच कागदात एकीला नकार दिसत होता आणि दुसरीला लेकाचा निरोप.

मी म्हटलं, "ताई, हा नॉमिनेशनचा फॉर्म. त्याच्याखाली तारीख आहे, ती वाचा बरं."

त्यांनी वाचली. थांबल्या. पुन्हा वाचली. लग्नाच्या चार वर्षं आधीची तारीख होती. भरतीनंतर ट्रेनिंग सेंटरमध्ये ओळीने बसवून पोरांकडून असे फॉर्म भरून घेतात. एकोणीस वर्षांचा, बिनलग्नाचा मुलगा त्या रकान्यात आईशिवाय कुणाचं नाव लिहिणार?

"तेव्हा तुम्ही कितवीत होतात?"

"अकरावीत," असं म्हणून त्या पहिल्यांदा मोकळेपणाने रडल्या.

लग्नानंतर त्याने नॉमिनेशन बदलायला हवं होतं, यात शंका नाही. सहा वर्षं मिळाली होती. पण रजेवर आलेला जवान घराचं छप्पर बघतो, आईचं दुखणं बघतो, मुलीला खांद्यावर घेऊन फिरतो आणि परत जातो. रेकॉर्डचे कागद युनिटमध्ये, घर इकडे. हे मी त्याची बाजू घ्यायला लिहीत नाही. न बदललेल्या नावामागे बहुतेक वेळा राहून गेलेलं कामच असतं, राग किंवा कट नसतो, हे मी इतक्या घरांत पाहिलंय की ताईंना ते सांगणं मला माझं कर्तव्य वाटलं.

आणि "नावच लावलं नव्हतं" हे खरंही नव्हतं. वकीलताईंनी फाइल चाळली तेव्हा लग्नाची पार्ट टू ऑर्डर निघाली, मुलीच्या जन्माचीही निघाली. लग्न, मुलांचे जन्म, घटस्फोट या गोष्टी युनिटमार्फत पार्ट टू ऑर्डरने सेवेच्या नोंदीत चढतात. फॅमिली पेन्शन या नोंदीवर चालते, विम्याच्या फॉर्मवर नाही. जिथे नाव लावल्याने जन्मभराचा आधार मिळतो तिथे त्याने बायकोचं नाव वेळेवर लावलं होतं. ती ऑर्डर ताईंनी किती तरी वेळ हातात धरून ठेवली.

पुढचा तासभर वकीलताईंनी जे समजावलं, ते मी इथे थोडं सविस्तर मांडते, कारण घराघरांतली भांडणं सगळे पैसे एकाच ढिगात टाकल्याने होतात. "लेकाचे पैसे" असा एक ढीग कायद्याला माहीत नाही. प्रत्येक रकमेची वाट वेगळी आहे.

फॅमिली पेन्शन ही मयताची मालमत्ताच नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये एका रेल्वे कर्मचाऱ्याच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे: नियमांत जिचं नाव पहिलं, तिलाच ती मिळते, मृत्युपत्र करूनही दुसऱ्याला देता येत नाही. म्हणजे सासूबाई नॉमिनी असोत वा नसोत, पेन्शन पत्नीची. किती, हे मृत्यूच्या कारणावर ठरतं. सेवेत असताना पण सेवेशी संबंध नसलेल्या कारणाने मृत्यू झाला तर साधी फॅमिली पेन्शन, म्हणजे पहिली दहा वर्षं पेन्शनसाठी धरल्या जाणाऱ्या शेवटच्या वेतनाच्या ५० टक्के आणि नंतर ३० टक्के. मृत्यू सेवेमुळे झाला असं ठरलं तर स्पेशल फॅमिली पेन्शन, ६० टक्के. युद्धात किंवा तशा कारवाईत वीरमरण आलं तर शेवटच्या वेतनाइतकी, १०० टक्के. म्हणून कोर्ट ऑफ इन्क्वायरीत, म्हणजे फौजेच्या अंतर्गत चौकशीत, अपघाताबद्दल काय लिहिलं जातं याला फार महत्त्व आहे. त्या कागदांची प्रत मागून ठेवा, असं वकीलताईंनी ताईंना दोनदा बजावलं. निर्णय विरुद्ध गेला तर आधी खात्यात अपील करायचं आणि तिथेही नाही म्हटलं तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे जायचं. २००७ च्या कायद्याने तो मार्ग जवानाच्या वारसांनाही खुला आहे, मुंबईत त्याचं खंडपीठ आहे, आणि अंतिम आदेशापासून साधारणपणे सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. दुःखात सहा महिने कसे जातात ते कळत नाही.

बँकेच्या ठेवीत नॉमिनी म्हणजे पैसे ताब्यात घेणारा माणूस. बँकेची जबाबदारी तिथे संपते, पण मालकी वारसांचीच राहते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये बँक ठेवींबद्दल हेच सांगितलं. आयुर्विम्याबद्दल १९८३ चा निकालही याच धर्तीचा होता. पुढे २०१५ च्या दुरुस्तीने आयुर्विम्यात आईवडील, पती-पत्नी किंवा मुलं नॉमिनी असतील तर रक्कम त्यांच्याच हक्काची, असं कलम आलं, आणि त्याचा अर्थ लावताना न्यायालयांत एकमत नाही. म्हणून "नॉमिनी म्हणजे मालक" हेही सरसकट खरं नाही आणि "नॉमिनी म्हणजे नुसता पोस्टमन" हेही नाही. रक्कम कोणती, हे आधी विचारायचं. गटविम्याची रक्कम फॉर्मप्रमाणे सासूबाईंच्या हाती येणार होती आणि ती तशी येऊ द्यावी, असंच आमचं मत पडलं.

अर्धा एकर आणि ठेव यांचं काय? मृत्युपत्र नव्हतं. हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे पत्नी, मुलगी आणि आई यांना सारखे हिस्से, तिघींचे तीन. ताईंना वाटत होतं सगळं सासूचं. सासूला वाटत होतं सून सगळं घेऊन माहेरी जाईल. दोघीही चुकत होत्या. यात वडिलांचं नाव येत नाही. आई पहिल्या वर्गातली वारस आहे, वडील दुसऱ्या, आणि पहिल्या वर्गात कुणी असेपर्यंत त्यांना हिस्सा नाही. हे सासऱ्यांना सांगायचं काम नंतर माझ्या वाट्याला आलं.

दुसऱ्या भेटीला मी सगळ्यांना बोलावलं. सासूबाई आल्या, दीर आला, सासरे दाराजवळच्या खुर्चीत बसले. दीराबद्दल माझ्या मनात थोडी अढी होती, ती पहिल्या दहा मिनिटांत गेली. "मॅडम, माझी रजा संपतेय. पुढची कधी मिळेल माहीत नाही. मी नसताना कोर्टकचेरी झाली तर म्हाताऱ्यांनी कुठं जायचं?" त्याची घाई लोभापोटी नव्हती. सीमेवरून घर सांभाळणाऱ्या माणसाची ती धास्ती होती.

त्याला वकीलताईंनी जे सांगितलं ते नोकरीतल्या प्रत्येक जवानाला माहीत हवं. दावा चालवायला किंवा दाव्यात बचाव करायला रजा मिळाली असल्याचं सक्षम लष्करी अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र कोर्टात दिलं, तर शक्य तितकं त्या रजेतच काम ऐकून संपवायची व्यवस्था कोर्टाने करायची, असं आर्मी अॅक्ट, १९५० च्या कलम ३२ मध्ये आहे. रजाच मिळत नसेल तर कमांडिंग ऑफिसरसमोर सही करून दुसऱ्या कुणाला आपल्या वतीने दावा चालवायचा अधिकार देता येतो, ती सोय दिवाणी प्रक्रिया संहितेत आहे. युद्धाच्या किंवा विशेष परिस्थितीत तैनात असलेल्या जवानाविरुद्धचा दिवाणी खटला थांबवता यावा म्हणून १९२५ पासून एक स्वतंत्र कायदाही आहे. दीर ऐकत राहिला. मग त्याने स्टँप पेपरची घडी घातली आणि खिशात ठेवली.

सासूबाई मात्र गप्प होत्या. मी विचारलं, "आई, तुम्हाला कशाची भीती वाटते?"

"पेन्शन तिची. चांगलं आहे. पण ती तरणी आहे, उद्या दुसरं लग्न करील. मग मी औषधाला कुणाकडे हात पसरू?"

हे ऐकून ताई खाली बघायला लागल्या. त्या घरात हा विषय तोपर्यंत कुणी उच्चारला नव्हता, आणि प्रत्येकाच्या मनात तोच होता. मी तो झाकू दिला नाही. ताईंना सांगितलं, की पुनर्विवाह केला की पेन्शन लगेच बंद, हे सरसकट खरं नाही. स्पेशल फॅमिली पेन्शन घेणारी पत्नी मुलांचा सांभाळ करत राहिली तर पुनर्विवाहानंतरही ती तिला मिळते. आणि आईंना सांगितलं, की मुलावर अवलंबून असलेल्या आईवडिलांना पत्नीने त्यांच्या वाट्याप्रमाणे हातभार लावायचं नाकारलं, तर ही पेन्शन विभागून देण्याची तरतूद नियमांत आहे. म्हणजे लाचार होऊन मागायची वेळ दोघींवरही कायदा आणत नाही. एवढं कळल्यावर त्या एकमेकींशी बोलायला लागल्या, आणि मी गप्प बसले.

ठरलं ते असं. ताई दर महिन्याला पेन्शनमधून ठरावीक रक्कम सासूबाईंच्या खात्यात परस्पर जाईल अशी सूचना बँकेला देणार. सासूबाई विम्याच्या रकमेतून नातीच्या नावे मुदत ठेव करणार. किती, यावर थोडी ओढाताण झाली. ताईंना अर्धी हवी होती, सासूबाईंनी अर्ध्यापेक्षा कमी दिली. मला ते अन्यायाचं वाटलं नाही, म्हातारपण लांब असतं. बँकेच्या ठेवीसाठी वारसा प्रमाणपत्राचा अर्ज वकीलताईंनीच केला. त्यासाठी पैसे पडले नाहीत. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, आणि सैनिक कुटुंबांसाठी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २६ जुलै २०२५ ला वीर परिवार सहायता योजनाही सुरू केली आहे. आपल्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन चौकशी करावी.

निघताना दीराला मी विचारलं, "भाऊ, तुमच्या फॉर्मवर कुणाचं नाव आहे?" त्याचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. तो आईकडे बघत म्हणाला, "हिचंच." सासूबाई म्हणाल्या, "युनिटला गेलास की पहिलं ते काम कर. दोघींची नावं घाल."

जमिनीच्या वारस नोंदीला वेळ लागला. चार महिन्यांनी सासरे एकटेच केंद्रात आले. हातात नवा सातबारा. त्यांना वाचता येत होतं, तरी म्हणाले, "मॅडम, तुम्ही वाचा." मी तिन्ही नावं मोठ्याने वाचली: बायकोचं, सुनेचं, नातीचं. नातीच्या नावापुढे "अज्ञान" असं लिहिलेलं होतं. ते काय, असं त्यांनी विचारलं. वयात न आलेली, मी म्हटलं. "होईल की मोठी," ते म्हणाले, आणि सातबारा घडी करून टोपीत ठेवून गेले.