वाचकांचे प्रश्न : पऱ्हाटीच्या वावरातून अमेरिकेचा इतिहास

प्रश्न : माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. सातवीनंतर आम्ही तिला घरीच शिकवतो. येत्या जूनपासून नववीचा अभ्यास सुरू होईल. तिला अमेरिकेचा इतिहास नीट शिकायचा आहे आणि मला तर दोन पानांपलीकडे काही माहीत नाही. इंग्रजी दोघींचंही बेताचंच. सासरे म्हणतात, "आपल्याले अमेरिकेचं काय करा लागते?" सुरुवात कुठून करू? आणि दहावीचं काय?
– एक आई, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, दहावीचं आधी सांगते, म्हणजे तो घोर मिटेल. सतरा नंबरचा फॉर्म भरून राज्य मंडळाची परीक्षा देता येते. चौदा पूर्ण झाल्यावर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचीही देता येते, तिथे मराठी माध्यम आहे. त्याची तयारी वेगळी करा. अमेरिकेचा इतिहास गुणांसाठी शिकवू नका.

मी अठ्ठावीस वर्षं हायस्कुलात इतिहास शिकवला. अमेरिकेचा धडा कोलंबसपासून सुरू करायचा, 1776 च्या स्वातंत्र्यापर्यंत आणायचा आणि पुढचं राहून जायचं. मुलांना साल पाठ असे, पण ते स्वातंत्र्य कोणाला मिळालं नाही, हे मी कधी विचारलंच नाही. त्याची खंत मला आजही आहे. म्हणून तुम्ही मधूनच सुरुवात करा, कापसापासून.

सध्या वेचणी चालू असेल. लेकीपुढे किलोभर कापूस ठेवा आणि तासभर हातानं सरकी काढायला सांगा. निघालेली रुई तोलून वहीत वजन लिहू द्या. मग तिला सांगा, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या राज्यांत हे काम गुलामांकडून करून घेत. 1793 साली एली व्हिटनीनं सरकी काढायचं यंत्र बनवलं. कष्ट कमी झाले म्हणजे गुलामीही कमी व्हायला हवी होती. झालं उलटंच. सरकी झटपट निघू लागली तसा पेरा वाढला, आणि वेचणीला तर हातच लागतात, हे तुम्हाला मी काय सांगू! 1790 च्या जनगणनेत सुमारे 7 लाख गुलाम होते, 1860 मध्ये जवळजवळ 40 लाख. या दोन आकड्यांवर आठवडा गेला तरी जाऊ द्या. एवढी जमीन आली कुठून, हेही तिनं विचारलं पाहिजे. 1830 च्या कायद्यानंतर चेरोकी आणि इतर मूळ रहिवाशांना मिसिसिपी नदीपलीकडे हाकललं गेलं, आणि त्यांच्या वावरांत कापूस उभा राहिला.

तुमच्या सासऱ्यांच्या प्रश्नाचं उत्तरही इथंच आहे. 1861 मध्ये तिकडे उत्तरेतल्या आणि दक्षिणेतल्या राज्यांत यादवी युद्ध पेटलं, राष्ट्राध्यक्ष लिंकननं दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मागणी हिंदुस्थानाकडे वळली आणि वऱ्हाडच्या कापसालाही चढा भाव आला. 1865 मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, मुंबईत बँका आणि कंपन्या बुडाल्या. पण वऱ्हाडाला लागलेली कापसाची ओढ सुटली नाही. 1867 मध्ये नागपूरला रेल्वे पोचली. पुढे यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गावर शकुंतला रेल्वे धावू लागली, तीही कापूस वाहायला. ती तुमच्या दारव्ह्यावरूनच जायची, लेकीचे आबाजी तिच्यात बसलेही असतील. एकाधिकार खरेदीच्या, म्हणजे कापूस फक्त सरकारच विकत घेई त्या दिवसांत केंद्रावर बैलबंड्यांच्या रांगा कशा लागत, चुकारा कधी हाती येई, भाव पडला तर घरात काय होई, हे लेकीनं त्यांच्याकडून ऐकून लिहून काढावं. इतिहासाचं साधन घरात बसलेलं असताना पुस्तकच हवं असा हट्ट कशाला?

उन्हाळ्यापर्यंत युद्ध आणि गुलामीचा अंत एवढंच करा : 1863 ची मुक्तीची घोषणा आणि 1865 ची तेरावी घटनादुरुस्ती. झडीच्या दिवसांत मागे जा, 1776 चा जाहीरनामा आणि 1787 ची राज्यघटना. लढायांची नावं पाठ करून घेऊ नका.

इंग्रजीची धास्ती घेऊ नका. शब्दकोश घेऊन दोघींनी रोज दहा ओळी वाचल्या तरी पुष्कळ झालं. ओळी मात्र मूळ कागदातल्या हव्यात. जाहीरनाम्याचा दुसरा परिच्छेद आपल्या राज्यघटनेच्या उद्देशिकेशेजारी ठेवून वाचा. मग फ्रेडरिक डग्लस. हा माणूस गुलामीतून पळून आलेला. 5 जुलै 1852 ला रॉचेस्टरमध्ये त्यानं भर सभेत विचारलं, तुमचा 4 जुलैचा स्वातंत्र्यदिन गुलामाच्या काय कामाचा? पुढे जोतीरावांची 1873 ची 'गुलामगिरी'. ती त्यांनी गुलामी नष्ट करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केली आहे. आणि बाबासाहेब. 1913 ते 1916 ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात होते. 1946 मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. पत्र छोटं आहे, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संग्रहात आहे आणि मोबाइलवर दिसतं. तुमच्या लेकीला ते समजेल, मला खात्री आहे.

पुढच्या हिवाळ्यात मताचा हक्क घ्या. 1870 मध्ये कृष्णवर्णीय पुरुषांना तो घटनेत मिळाला, पण दक्षिणेत साक्षरतेच्या परीक्षा, मतदानावरचा कर आणि दहशतीनं तो हिरावला गेला. तो राखायला खरा जोरकस कायदा आला 1965 मध्ये. मधली 95 वर्षं कशी गेली, हे तिनं स्वतः शोधावं. बायकांना देशभर मत मिळालं 1920 मध्ये. ते वाचून झालं की सासूबाईंजवळ बसवा तिला. त्यांनी पहिलं मत कधी दिलं, कोणासोबत गेल्या, कोणाला द्यायचं हे कोणी ठरवलं, सगळं विचारू द्या.