झिरपत नाही, पोरी

पोरी,

तुझा आराखडा वाचला. जिल्ह्याच्या ठिकाणी नॉलेज हब, एआयची प्रयोगशाळा, स्टार्टअपना जागा, पुण्यातल्या कंपन्यांशी करार. आणि सोबतच्या मेलमध्ये शेवटी एक ओळ: ‘सर, मलाच हे पटतंय की नाही, कळत नाहीये.’ अख्ख्या आराखड्यापेक्षा मला ती ओळ आवडली. म्हणून हे पत्र.

तू हुशार आहेस वगैरे लिहीत बसत नाही. थेट चौथ्या पानावर येतो. आधी उच्चशिक्षितांचा एक थर तयार होईल, त्यांच्यामागे पैसा येईल, मग शाळा-दवाखाने आपोआप सुधारतील, असं तू तिथं लिहिलंयस. हे तुझं म्हणणं नाही, इंग्रजी राजवटीतल्या मेकॉलेसाहेबाच्या काळापासून चालत आलंय. वरच्या वर्गाला शिकवा, ज्ञान खाली झिरपेल. 1882 साली इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी नेमका यावरच घाव घातला होता. महसूल रयतेच्या घामाचा आणि खर्च वरच्यांच्या शिक्षणावर, हे कसं? आधी प्राथमिक शिक्षण द्या, निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा. त्यांचं नाव तूही घेतेस, मीही घेतो. मग हे चौथं पान आलं कुठून?

ज्ञान झिरपत नाही. ज्यांच्या हाती ते लागलं, त्यांनी ते आपल्या पोरांसाठी राखून ठेवलं, हेच मी नोकरीभर पाहिलं.

आपल्या देशाचा क्रम बघ. खरगपूरची आयआयटी 1951 सालची. प्रत्येक मुलाला शाळेचा हक्क देणारा कायदा लागू झाला 1 एप्रिल 2010 ला. मधली जवळजवळ साठ वर्षं आपण झिरपण्याची वाट बघत बसलो. आयआयटीशी माझं भांडण नाही, माझा भाचा तिथलाच आहे. पण 2024 च्या जागतिक नवोन्मेष निर्देशांकात आपण 133 देशांत 39 वे, आणि 2025 च्या मानव विकास अहवालात 193 देशांत 130 वे. त्याच अहवालात आपल्या प्रौढ माणसाच्या शाळेची सरासरी सात वर्षंसुद्धा भरत नाही. पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी 1990 मध्ये या अहवालाची सुरुवात करताना उत्पन्नाच्या जोडीला आयुर्मान आणि शिक्षण मोजायला घेतलं, ते असले आकडे एकमेकांशेजारी मांडता यावेत म्हणूनच. ज्या राज्यात हिंजवडी आहे, त्याच राज्यात 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनं पाच वर्षांखालची 35.2 टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी मोजली. ती मुलं तुझ्या प्रयोगशाळेत कोणत्या दारानं येणार आहेत?

कोरियाचं उदाहरण दिलंयस, पण अर्धंच. युद्धातून उठता उठता, 1950 च्या दशकातच, दक्षिण कोरियानं जवळजवळ प्रत्येक मूल प्राथमिक शाळेत बसवलं. सॅमसंगची 64 के डीरॅम, म्हणजे संगणकाच्या मेमरीची चिप, आली 1983 मध्ये. तोवर शाळेत बसवलेली ती पोरं कर्ती झाली होती. तू चिपपासून सुरुवात केलीस.

आता आपल्या तालुक्याचं. मुलींना शाळा-कॉलेजला फुकट नेणारी, राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाची निळी एसटी तुला माहीत आहे, आराखड्यात तिचा फोटोही आहे. फोटोखाली वेळापत्रक मात्र नाही. अकरावी-बारावी सायन्सची प्रॅक्टिकलं दुपारी असतात. परतीची फेरी तीनला सुटत असेल, तर मुलगी प्रॅक्टिकल अर्धवट टाकून स्टँड गाठते. पुढची गाडी मुक्कामाची, अंधार पडल्यावरची. दोन महिने असं चाललं की बाप म्हणतो, आर्ट्सला जा, वेळेत घरी येशील. तुझी होणारी डेटा सायंटिस्ट तिथं, त्या तीनच्या फेरीला गळते. नापास न होता गळते, म्हणून कुठल्याच तक्त्यात दिसत नाही.

त्यातून यात्रा, लग्नसराई. गाडी वळवली, फेरी रद्द. आगारातले साहेब मला म्हणाले, ‘एवढ्याशा पोरींसाठी डिझेल परवडत नाही.’ म्हटलं, या गाडीचा खर्च मानव विकासच्या निधीतून येतो, तुम्हाला न परवडायला काय झालं? जिल्ह्याच्या दर बैठकीत मी हाच विषय काढायचो. लोक मला ‘बसवाले’ म्हणू लागले. शेवटी ती एक फेरी सव्वापाचला गेली.

माझ्याबरोबरचे मंत्रालयात पोचले, निवृत्तीनंतर सल्लागार झाले. ‘तू वेळापत्रकात अडकलास’, असं अजून ऐकवतात. अडकलो नव्हतो. एका फेरीची वेळ बदलून जे झालं, ते त्यांच्या कुठल्या धोरणपत्रानं झालं नाही. जरा चढ्या आवाजात सांगतोय, कल्पना आहे. पण माझी मोठी बहीण सातवीनंतर घरी बसली. गणितात ती माझ्या पुढं होती. अजूनही दुकानदाराचं बोट कॅल्क्युलेटरवर फिरतंय तोवर तिचा हिशेब झालेला असतो. पुढची शाळा नदीपलीकडे, पावसाळ्यात होडी बंद. मला मुलगा म्हणून मावशीकडे तालुक्याला धाडलं. मी शिकलो म्हणून तिला काय मिळालं? तुझ्या चौथ्या पानाप्रमाणे माझं शिक्षण तिच्यापर्यंत पोचायला हवं होतं. एकाच घरात झिरपलं नाही, जिल्ह्यात कसं झिरपेल?

तू म्हणशील, सर, तोवर जग थांबणार आहे का? नाही थांबणार. प्रयोगशाळा कर, मी कुठं अडवतोय? पण तिच्याच बजेटात मुलींचं वसतिगृह घाल, अंगणवाडीचा पोषण आहार घाल, संध्याकाळची फेरी घाल. आणि नंतरच्या टप्प्यात टाकू नकोस. नंतरचा टप्पा कधी येत नाही, एवढं तरी माझ्या नोकरीनं मला शिकवलंय.

पुण्याच्या नोकरीचं विचारलंस. जायचं तर जा. घरी कर्ज आहे, पगार चांगला आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त तिथून गावाचं आपोआप भलं होईल, असं मला लिहू नकोस.

राहणार असशील, तर पुढच्या आठवड्यात आगारात जा. लगेच माहितीचा अधिकार टाकू नकोस, माणसं बिथरतात. आधी स्टँडवरच्या वाहतूक नियंत्रकाबरोबर चहा घे, कुठली फेरी कधी रद्द झाली हे त्याला तोंडपाठ असतं. त्याशेजारी कॉलेजच्या प्रॅक्टिकलचं वेळापत्रक मांड, आणि सायन्स सोडून आर्ट्सला गेलेल्या मुलींची महिनावार यादी प्राचार्यांकडून घे. देणार नाहीत. परत जा. यादी मिळाली की मला फोन कर, मग चौथं पान दोघं मिळून लिहू.

तुझा,
बसवाला सर