तारेपासून घरी स्प्रिंग करता येते का?

दाराच्या लॅचमधली स्प्रिंग तुटल्यावर बाइंडिंग वायर पेन्सिलीभोवती गुंडाळून आपण नवी स्प्रिंग केली आणि ती पहिल्याच दाबाला चेपली, ती पुन्हा उघडली नाही, असे आपण लिहिले आहे. गुंडाळण्यात आपले काही चुकलेले नाही. चुकली ती तार.

मऊ तारेची स्प्रिंग नरम आणि कडक तारेची ताठ, असा बहुतेकांचा समज असतो व माझाही होता. प्रत्यक्षात स्प्रिंगचा ताठपणा तारेची जाडी, वेढ्याचा व्यास आणि वेढ्यांची संख्या यांवर ठरतो; पोलाद मऊ आहे की कडक, याने त्यात फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो किती ताण आल्यावर तार कायमची वाकते यात. बाइंडिंग वायर मुद्दाम तापवून मऊ केलेली असते, कारण तिने पिळल्यावर तसेच राहावे अशीच अपेक्षा असते. स्प्रिंगसाठी मिळणारी पियानो वायर 0.7 ते 1 टक्का कार्बन असलेल्या पोलादाची, थंड अवस्थेत खेचून बारीक केलेली असते आणि तिची ताकद त्या मऊ तारेच्या पाचपटींहून अधिक भरते. अगदी बारीक स्प्रिंग हवी असेल, तर गिटारची वेष्टण नसलेली पोलादी तारही चालते.

जुन्या स्प्रिंगचे तुकडे टाकून देऊ नका. त्यांवरून तारेची जाडी कॅलिपरने मोजा, अंदाजाने घेऊ नका, कारण ताठपणा जाडीच्या चौथ्या घातानुसार वाढतो. 1 मिमीऐवजी 1.1 मिमी तार घेतली, तर स्प्रिंग सुमारे 46 टक्के ताठ होते.

गुंडाळलेली तार सोडताच थोडी उलगडते आणि वेढे मोठे होतात, म्हणून जिच्याभोवती तार गुंडाळायची ती दांडी हव्या त्या आतल्या व्यासापेक्षा बारीक घ्यावी लागते. मला 0.8 मिमी तारेत सुमारे 6.4 मिमी आतला व्यास हवा होता. तीन प्रयत्नांनंतर 5.5 मिमीच्या ड्रिल बिटचा गुळगुळीत दांडा जमला. तारेचे टोक दांड्यासह व्हाइसमध्ये पकडून तार सतत ताणून धरावी आणि गॉगल घालूनच काम करावे, कारण निसटलेले टोक चाबकासारखे फिरते. साध्या पकडीने ही तार तोडू नये, पकडीच्या धारेलाच खाच पडते. कानशीने खाच पाडून तार मोडावी.

यानंतर स्प्रिंग ओव्हनमध्ये 230 ते 250 अंश सेल्सिअसला अर्धा तास ठेवल्यास वळवताना आत राहिलेला ताण निघतो. गॅसच्या ज्योतीवर मात्र धरू नये. तार लाल झाली की ती मऊ पडते. शेवटी स्प्रिंग चार-पाच वेळा पूर्ण दाबावी. तेव्हा तिची लांबी किंचित घटते आणि मग स्थिर होते, म्हणून सुरुवातीलाच ती थोडी लांब ठेवावी.