ट्यूनर हिरवा, कान कोरडा

प्रश्न : व्हायोलिनवर ए मेजर स्केल (ए पासून सुरू होणारी सुरांची चढती रांग) रोज वाजवतो. ट्यूनर (सूर बरोबर लागला की हिरवा होणारं यंत्र) समोर असला की प्रत्येक सूर हिरवा. तो बंद केला की बेसूर. असं का?

कारण ट्यूनर बोलतो तो सूर वाजल्यावर. तुम्ही काटा बघून बोट सरकवता, काम डोळे करतात, कान नुसता बसून. ट्यूनरवर मोकळ्या (बोट न ठेवलेल्या) तारा लावा आणि तो खिशात टाका. आता ए तारेवर तिसरं बोट (तर्जनी पहिलं धरून) ठेवा, म्हणजे वरचा डी. सूर नेमका लागला की शेजारची मोकळी डी तार, गजाचा स्पर्शही नसताना, थरथरते. तिच्याकडे निरखून बघा, तारेची कडा पुसट झालेली दिसेल. बोट केसभर सरकवा, गुंजन विझतं. ई तारेवरच्या तिसऱ्या बोटाला हीच साथ ए तार देते. हे दोन सूर पक्के झाले की दुसरं बोट तिसऱ्याला चिकटवायचं आणि पहिलं त्याच्यापासून सुटं ठेवायचं. दोन्ही तारांवर हाच साचा. मला विचाराल तर पहिले पंधरा दिवस एवढंच पुरे.

प्रश्न : रोज किती स्केल वाजवावेत?

एकच. दहा मिनिटं, एका सुराला एक अख्खा गज. पुढे तीच बोटं एक तार खाली (जाड तारेकडे) नेली की डी मेजर, आणखी एक खाली की जी मेजर.

प्रश्न : करंगळी पोचतच नाही, सूर खाली राहतो. हात लहान असेल का?

बहुतेकांना असंच वाटतं, पण अडतं ते कोपराशी. कोपर व्हायोलिनखाली थोडा आत आणा, करंगळी आपोआप पुढे येते. मग ए तारेवर करंगळी ठेवून शेजारची मोकळी ई तार तिच्यासोबत वाजवा. दोन्ही सूर एकच असायला हवेत. आवाज वाव्-वाव् असा हेलकावत असेल तर अजून फरक आहे. हेलकावे मंदावत थांबले की जागा सापडली. (सुरुवातीला कानाला त्रास होतो, घरच्यांना जास्त.)

प्रश्न : बोटांच्या जागा कळाव्यात म्हणून फिंगरबोर्डवर (तारांखाली, जिथे बोटं दाबतात तिथे) चिकटपट्टी लावू का?

लावा, लाज कसली! पूर्ण मापाच्या व्हायोलिनवर पहिली पट्टी नटपासून (खुंट्यांजवळ तारा टेकतात त्या उंचवट्यापासून) सुमारे साडेतीन सेंटीमीटरवर येते. पण आधी सूर ऐकून जागा ठरवा, मग पट्टी. फूटपट्टीने मोजून चिकटवलेली बहुधा थोडी चुकतेच.