गॉब्लिन निसटतो, विझार्ड का नाही?

प्रश्न : आम्ही कॉलेजमधले मित्र ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलावर काल्पनिक पात्रं घेऊन खेळायचा खेळ खेळायला लागलो आहोत. पाचवी आवृत्ती, २०१४ची पुस्तकं, सगळे पहिल्या लेव्हलला. माझं पात्र फायटर, म्हणजे लढवय्या, आहे. गॉब्लिन (एक छोटा राक्षस) येतो, मला मारतो आणि लांब पळतो. निघून जाणाऱ्या शत्रूवर वार करता येतो असं वाचलं होतं, पण डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) म्हणतो, ‘इथे नाही.’ आमची विझार्ड (जादूगार) मागे सरली तेव्हा मात्र गॉब्लिनने तिच्यावर तोच वार केला. हा पक्षपात नाही का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पक्षपात नाही. तुमच्या डीएमने नियम बरोबर लावला, पण कारण सांगितलं नाही. नवख्या खेळाडूंना ‘नाही’ म्हणताना त्यामागचा नियम वाचून दाखवावा, या मताचा मी आहे. दोन मिनिटं जातात, पण टेबलावरचा विश्वास टिकतो.

एक राउंड म्हणजे गोष्टीतले साधारण ६ सेकंद. तेवढ्यात आपल्या टर्नला प्रत्येकाला चालणं मिळतं, बहुतेकांना ३० फूट, आणि एक अॅक्शन, म्हणजे वार किंवा मंत्रासारखी मुख्य कृती, मिळते. बोनस अॅक्शन सगळ्यांना मिळत नाही; एखाद्या खास क्षमतेने किंवा मंत्राने दिली तरच ती असते. शिवाय एक रिअॅक्शन, जी दुसऱ्याच्या टर्नला वापरता येते. ती एकदा वापरली की आपला पुढचा टर्न सुरू होईपर्यंत परत मिळत नाही.

तुम्ही म्हणता तो वार म्हणजे ऑपॉर्च्युनिटी अॅटॅक. तो रिअॅक्शनमधून होतो आणि शत्रू तुमच्या टप्प्याबाहेर, म्हणजे सहसा ५ फुटांपलीकडे, जाऊ लागला तरच होतो. टप्प्यातल्या टप्प्यात तो तुमच्याभोवती गोल फिरला तरी काही मिळत नाही. तो वार टाळायचा तर ‘डिसएंगेज’ (अंग सोडवून घेणं) करावं लागतं आणि त्याला अख्खी अॅक्शन जाते. तुमच्या विझार्डने ती मंत्रावर खर्च केली असणार. मग मागे सरताना वार होणारच.

गॉब्लिनचं पान उघडा. तिथे ‘निम्बल एस्केप’ लिहिलं आहे : डिसएंगेज किंवा लपणं त्याला बोनस अॅक्शनमध्ये करता येतं. अॅक्शनने तलवार चालवायची, बोनस अॅक्शनने अंग सोडवायचं आणि ३० फूट पळायचं. हिट पॉइंट, म्हणजे किती मार सोसेल तो आकडा, अवघे ७ असलेल्या प्राण्याचा जीव या एका ओळीवर तगतो. मला हा नियम फार आवडतो, कारण गॉब्लिन कसा लढतो हे तो वर्णनाचं एक वाक्य न लिहिता सांगून जातो. तुमच्या गटात ‘रोग’ (Rogue, चपळ चोरट्याचं पात्र) असेल तर दुसऱ्या लेव्हलला त्या पात्रालाही ‘कनिंग अॅक्शन’मधून हेच मिळेल.

आता उपाय. तुमच्या टर्नला शत्रू लांब असेल तर ‘रेडी’ अॅक्शन घ्या आणि मोठ्याने सांगा : ‘गॉब्लिन माझ्याजवळ आला की तलवार मारणार.’ तो आला की त्याच्या वाराआधी तुमचा वार होतो. त्याचा आर्मर क्लास, म्हणजे वार लागायला गाठायचा आकडा, १५. फाशात मिळवायचा तुमचा बोनस +५ असेल, तर वीस बाजूंच्या फाशावर १० किंवा जास्त हवेत. लागला तर लाँगसोर्डचे आठ बाजूंच्या फाशावरचे आकडे अधिक ३. म्हणजे ४ पडले तरी ७ झाले, गॉब्लिन संपला. यात तुमची रिअॅक्शन खर्च होते, हे ध्यानात ठेवा.

त्याहून चांगलं म्हणजे अरुंद दार अडवून उभं राहणं. हा खेळ १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी आणला तो टेबलावरच्या छोट्या सैनिकांच्या युद्धखेळांतून, म्हणून अजूनही त्यात कोण कुठे उभं आहे याला एवढं वजन आहे. ५ फुटी दारात तुम्ही असाल तर गॉब्लिनला तुमच्यातून पार होता येत नाही. आणि तुमच्या विझार्डकडे ‘स्लीप’ हा झोपेचा मंत्र असेल तर ती मागून पलीकडच्या घोळक्यावर टाकू शकते : आठ बाजूंचे पाच फासे, सरासरी साडेबावीस, आणि तेवढ्या हिट पॉइंटचे प्राणी झोपतात. तीन गॉब्लिन म्हणजे २१! फक्त २० फूट त्रिज्येच्या त्या वर्तुळात आपलं कुणी नको, मंत्र मित्र ओळखत नाही.

प्रश्न : शत्रू आडवा पडलाय आणि त्याला मी दिसतही नाही. दोन कारणांनी अॅडव्हान्टेज, मग तीन फासे टाकायचे का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. कारणं कितीही असोत, फासे दोनच, मोठा आकडा घ्यायचा. एक जरी डिसअॅडव्हान्टेज (त्याच्या उलट, दोनांतला लहान आकडा घ्यायला लावणारं कारण) आलं तरी सगळं रद्द होऊन एकच फासा.

प्रश्न : आमचा क्लेरिक (जखमा बऱ्या करणारा पुजारी) ० हिट पॉइंटवर बेशुद्ध पडला होता. शेजारच्या गॉब्लिनने एकच वार केला आणि डीएमने दोन अपयशं लिहिली. असं कसं? – एक वाचक, नागपूर

उत्तर : बेशुद्धावर ५ फुटांच्या आतून बसलेला वार क्रिटिकल, म्हणजे जबर, धरला जातो, आणि ० वर असताना क्रिटिकल बसला की डेथ सेव्हची, म्हणजे जीव वाचवण्यासाठी टाकायच्या फाशांची, दोन अपयशं. तिसरं आलं की मृत्यू. नियम पक्का आहे. पण पडलेल्याला मारायचं की उभ्याकडे वळायचं, हे डीएम ठरवतो. पाच तलवारी समोर असताना गॉब्लिन पडलेल्यावर वेळ घालवेल असं मला वाटत नाही. भुकेला लांडगा मात्र त्याला ओढून नेईल. आपली पद्धत कोणती, हे डीएमने मोहीम सुरू होण्याआधीच सांगावं.

पुढच्या वेळी वाट पाहू नका. पडलेला क्लेरिक स्वतःला बरं करू शकत नाही, म्हणून औषधाची बाटली दुसऱ्याकडे असू द्या. ती पाजायला एक अॅक्शन लागते आणि एक हिट पॉइंट जरी मिळाला तरी तो शुद्धीवर येतो. बाटली नसेल तर ‘मेडिसिन’ या वैद्यकी कौशल्याचा फासा टाका : १० किंवा जास्त आले की तो स्थिर होतो, डेथ सेव्ह थांबतात. हीलर्स किट (मलमपट्टीचं सामान) असेल तर फासाही टाकावा लागत नाही.